आधी वाईट, मग दिवा

कुंभकोणमच्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डात मी रात्रपाळीला होते आणि माझी सख्खी मावशी दिवसपाळीला. म्हणजे रोज संध्याकाळी ती मला चार्ज द्यायची आणि रोज सकाळी मी तिला. एकाच घरात राहून आमची धड भेट व्हायची ती या दोन वेळांना, वॉर्डाच्या दारात, एकीनं टोपी काढताना आणि दुसरीनं घालताना.

मावशी लवकर विधवा झाली. घरात कोपरा धरून बसायचं सोडून ती नर्सिंग शिकायला गेली, तेव्हा आमच्या शिवणकामवाल्यांच्या आळीत केवढा गहजब झाला. पुढे त्याच आळीतली माणसं गळू फोडून घ्यायला तिच्याकडे येऊ लागली आणि गहजब आपोआप विरला. मला या कामात ओढलं तिनंच. तिचा हात हलका, नजर तिखट. कुणाचा ताप चढणार हे तिला थर्मामीटरच्या आधी कळायचं. अशा बाईत काही खोट असेल असं मला सुरुवातीला वाटलंच नाही.

खोट एकच होती. तिन्हीसांजेला मावशीच्या तोंडून वाईट शब्द निघत नसे.

हे तिचं एकटीचं नव्हतं. दिवेलागणीला अभद्र बोलू नये, कुणाच्या दुखण्याचं नाव काढू नये, हे आमच्या घरी होतं आणि शेजारच्या तमिळ घरांतही होतं. वॉर्डात दिव्याचं बटण दाबलं की खाटेवरच्या बायका, त्यांच्या सोबतीला आलेल्या आया-बहिणी, वॉर्डातली झाडूवाली, सगळ्या हात जोडत. इस्पितळात बोलायचं जपूनच असतं. तमिळमध्ये घरातून निघणाऱ्याला 'जाऊन या' म्हणतात. आमच्याकडून बरी होऊन निघालेल्या बाईला ते म्हणायची सोय नव्हती, म्हणून आम्ही नुसत्या माना हलवून तिला वाटेला लावत असू. पण इस्पितळाच्या साहेबांनी पाळी बदलायची वेळ ठरवली ती नेमकी दिवेलागणीची. त्यांना काय कल्पना.

त्यामुळे मावशीचं संध्याकाळचं चार्ज देणं ऐकण्यासारखं असे. दिवा लावायचा, हात जोडायचे आणि मग खाटेमागून खाट शुभवर्तमान. हिनं इडली खाल्ली. हिचा भाऊ भेटून गेला, गुणाचा आहे. हिचा ताप आता शहाण्यासारखा वागतोय. टायफॉइडच्या बाईबद्दल ती इतक्या समाधानानं बोलायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई माहेरपणाला आलीय. शेवटी 'अस्क बरें आहे' म्हणून ती चपला शोधायला लागायची. आमच्या तंजावरी मराठीत अस्क म्हणजे सगळं. वॉर्डात एरवी सगळा कारभार तमिळमध्ये. आम्ही दोघीच काय ते एकमेकींशी मराठी.

बरं, वाईट बातमी ती लपवायची असं नाही. ती ठेवून द्यायची. सकाळी मी डोळे चोळत चार्ज देऊन मोकळी झाले की मावशी ताजी वेणी घालून, ताज्या आवाजात मला काल दुपारचं सांगायची. त्या बाईला काल दोनदा उलटी झाली बरं का. त्या कोपऱ्यातलीचा टाका सुटल्यासारखा वाटला मला. तोवर माझी रात्र होऊन गेलेली असायची, आणि उलटी नि टाका दोन्हींशी माझी ओळख माझ्या मीच करून घेतलेली असायची.

एकदा पट्टीश्वरमकडच्या एक थोराड मामी होत्या. त्यांना दुपारी एरंडेल पाजलं होतं. दिवेलागणीला एरंडेलाचं नाव कसं काढायचं म्हणून मावशीनं ते गिळलं, म्हणजे गोष्ट गिळली. आणि मी कागदावर डॉक्टरांची सही पाहून मामींना पुन्हा एकदा एरंडेल पाजलं. मामी बिचाऱ्या रात्रभर खाटेपेक्षा वाटेतच जास्त होत्या. येता-जाता त्यांनी आमच्या घराण्याचा जो उद्धार केला, त्यात तंजावरला आलेले आमचे मूळ पुरुषसुद्धा सुटले नाहीत.

मोठ्या सिस्टर मलयाळी ख्रिस्ती होत्या. त्यांना हा तिन्हीसांजेचा प्रकार समजेना. त्यांनी तोडगा काढला की तोंडानं बोलूच नका, वहीत लिहा, आणि इंग्रजीत लिहा. मावशीला इंग्रजी शब्द बेताचेच येत, त्यांतला सर्वांत शुभ तिनं निवडला: सॅटिस्फॅक्टरी. वही भरून सॅटिस्फॅक्टरी. वेळ वाचावा म्हणून ती दुपारीच सगळ्या खाटांसमोर तो लिहून टाकायची, आणि एकदा तर दुपारनंतर देवाघरी गेलेली एक म्हातारीही संध्याकाळपर्यंत सॅटिस्फॅक्टरी होती. वही दोन आठवड्यांत कपाटावर जाऊन पडली.

मी हे सगळं हसण्यावारी नेत होते. ते किती दिवस हसण्यावारी नेता आलं असतं कोण जाणे, पण मग ती पोर आली.

पोरच ती. नवरा विड्याच्या पानांच्या मळ्यात कामाला. आठवा महिना चालू होता, पाय सुजलेले, चेहरा फुगलेला, रक्तदाब चढलेला. आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तिला मिठाशिवाय जेवण आणि पडून राहणं लावून दिलं, आणि आम्हा दोघींना समोर उभं करून बजावलं की हिचं डोकं दुखायला लागलं किंवा डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तर मला त्याच क्षणी बोलवा. आकडी आली तर आई आणि मूल दोन्ही हातचे जातील. मावशीनं मान डोलावली. मीही डोलावली.

पोर बोलत नसे. कसं वाटतंय विचारलं की 'बरं आहे', दुखतंय का विचारलं की 'नाही'. सोबतीला तिची आई होती, तीही तशीच. एवढ्या शांत आजारी बाईचं मला आपलं कौतुकच वाटत होतं.

एका एकादशीची गोष्ट. घरी विठ्ठलाचं भजन होतं, मावशीला पोचायची घाई. मी आले तशी तिनं दिवा लावला, हात जोडले, सगळ्या खाटांची खुशाली सांगितली, आणि जाता जाता म्हणाली, "त्या पोरीपाशी क्षणभर बैस हां." मला वाटलं, मावशीचा जीव जडलाय पोरीवर. मी बसेन म्हटलं आणि आधी इंजेक्शनच्या सुया उकळायला ठेवल्या.

सुया घेऊन वळले तेव्हा दिसलं की वॉर्डात सगळ्या दिव्याकडे तोंड करून बसल्या आहेत आणि ही एकटी भिंतीकडे तोंड करून पडलीय, पदर डोळ्यांवर ओढून. तिची आई तिचं कपाळ दाबत होती. मी जाऊन विचारलं, काय होतंय? काही नाही. दिवा डोळ्यांना खुपतो का? काही नाही. डोकं दुखतंय का, असं मी सरळ विचारलं, तर तिच्या आईनं उठून माझ्या तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला, पानाचा वास येणारा हात. मला उत्तर मिळालं. मी झाडूवालीला डॉक्टरीणबाईंच्या घरी पळत पाठवलं.

डॉक्टरीणबाई जेवणावरून उठून आल्या. रक्तदाब पाहिला, इंजेक्शन दिलं आणि तिला बाजूच्या खोलीत हलवायला लावलं. खिडक्यांना कांबळी लावली, दिवा बंद, बोलणं बंद. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं की हे कधीपासून होतं. उत्तर तिच्या आईनं दिलं, व्हरांड्यात जमिनीकडे बघत. दुपारच्या कॉफीपासून डोकं ठणकत होतं. मोठ्या ताईंना, म्हणजे मावशीला, दिवे लागायच्या जरा आधी सांगितलं होतं. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या की अजून थोडा वेळ गेला असता तर मी येऊनही उपयोग नव्हता, आणि मग त्या माझ्यावर जे ओरडल्या ते मी निमूट ऐकून घेतलं.

त्या गेल्यावर मी त्या आईला धरून बसवलं. म्हटलं, पोरीचा जीव जायची वेळ आली आणि तुम्ही माझं तोंड दाबता? तेव्हा तिनं सांगितलं. गेल्या खेपेला पोरीला दुपारपासून मूल हललेलं जाणवेना. दिवेलागणीला न राहवून ती ते सासूपाशी बोलली. मूल गेलं. आणि सासूनं आल्यागेल्यासमोर सांगितलं की भरल्या तिन्हीसांजेला हिनं स्वतःच्या तोंडानं बोलून घालवलं ते. तेव्हापासून पोर पोटातल्याबद्दल चकार शब्द काढत नाही. आईलाही आत कुठेतरी ते खरंच वाटत होतं, हे तिच्या सांगण्यावरून मला कळलं.

मला इतका संताप आला की कुणावर काढावा समजेना. सासू समोर नव्हती. सकाळी मावशी होती.

मावशी ताजी वेणी घालून आली आणि मी तिला चार्ज न देता आधी विचारलं की डोकं दुखतंय हे तुला माहीत होतं की नाही. ती म्हणाली, होतं. डॉक्टरीण रात्री फेरीला येणारच होत्या, आणि म्हणून तर तुला पोरीपाशी बैस म्हटलं. बैस म्हटल्यानं मला काय कळणार होतं, असं मी म्हटल्यावर ती कासावीस झाली.

"तिन्हीसांजेला, भरल्या पोटाच्या बाईपुढें, तें कसें बोलूं गे?" ती म्हणाली. "तूं बोलली असतीस?"

खरं सांगायचं तर मीही बोलले नसते. पण मी तेव्हा ते कबूल करण्याच्या मनःस्थितीत नव्हते. मी तिला त्या सासूचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं आणि वर म्हटलं की तू आणि ती सासू एकाच देवाच्या. हे लागेल अशा बेतानंच बोलले होते आणि ते लागलं. मावशी स्टुलावर बसली. मी घरी जाऊन झोपायचा प्रयत्न केला, झोप कुठली.

संध्याकाळी आले तर वॉर्डात अंधारून आलेलं. मला वाटलं वीज गेली. दारातच मावशी उभी, पदर खोचलेला, एक हात दिव्याच्या बटणावर.

"दिवा लावत नाहींस?" मी विचारलं.

"दिवा लाविला नाहीं, तर दिवेलागण झालीच नाहीं," मावशी म्हणाली. "आतां वाईट तेवढें अस्क सांगतें. मग लावूं."

दिवसभर डोकं लढवून तिनं ही पळवाट काढली होती. रूढी मोडायची नव्हती तिला. रूढीला थोडा वेळ ताटकळत ठेवायचं होतं. आणि मग त्या अर्ध्या उजेडात तिनं मला जो चार्ज दिला, तो मी कधी ऐकला नव्हता. कुणाला किती उलट्या, कुणाचा टाका पिकलाय, कुणी औषध पाठीमागच्या कुंडीत ओतलं, कुणाची लघवी अडलीय. एवढी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम सुटावं तशी ती बोलत होती. संपल्यावर तिनं दिवा लावला, हात जोडले आणि शुभवर्तमान सुरू केलं. ते आता जेमतेम चपला घालेपर्यंत पुरलं.

काही दिवसांत हा वॉर्डाचा नेमच झाला. अडचणी आल्याच. मावशी खाटेपाशी काही चुकीचं सांगायला लागली की खाटेवरची बाई उठून बसायची आणि दुरुस्ती करायची. वाईट आधी म्हटल्यावर बायकांत चढाओढ लागली. एरंडेलवाल्या मामी तोवर दुसऱ्या दुखण्यासाठी परत आल्या होत्या. त्यांनी सुनेच्या स्वयंपाकापासून सुरुवात केली. मावशीनं निकाल दिला की वाईट म्हणजे अंगातलं वाईट, घरातलं नव्हे. डॉक्टरीणबाई एकदा फेरीला लवकर आल्या आणि अंधारात तस्तात पाय घालून बसल्या. दिवा का नाही म्हणून गरजल्या, तर सगळ्या वॉर्डानं त्यांना एका सुरात सांगितलं की वाईट अजून संपलं नाही. त्या तशाच ओल्या पायानं उभ्या राहिल्या, ऐकत. दुसऱ्या दिवसापासून त्याच वेळेला येऊ लागल्या. मोठ्या सिस्टरना मात्र शेवटपर्यंत वाटत होतं की आम्ही विजेची बचत करतो आहोत.

पोर बाजूच्या खोलीतून परत वॉर्डात आली होती. मावशीनं तिची खाट दाराशी, बटणाजवळ घेतली. रोज शेवटी मावशी तिला विचारायची, काही वाईट? आणि पोर मान हलवायची, नाही. मावशी कधी खोदून विचारत नसे. थोडं थांबायची, बाहेर कावळे ओरडत असायचे, मग दिवा लावायची. डोकं, डोळे, सूज, हे सगळं आम्हीच तपासून घेत होतो. पण पोटातल्याचं फक्त तिलाच कळणार होतं, आणि ती बोलत नव्हती. रोज तो प्रश्न विचारला गेला की मी हातातलं काम सोडून तिच्या तोंडाकडे बघायचे.

आणि एका संध्याकाळी मावशीनं विचारलं, काही वाईट? पोरीनं मान हलवली नाही.

तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. तिच्या आईचा हात वर येऊ लागला. मावशीनं बटणावरचा हात न काढता दुसऱ्या हातानं तो धरला आणि खाली ठेवला.

"दुपारपासून हललं नाही," पोर म्हणाली.

वॉर्डात प्रत्येकीला माहीत होतं की ही वेळ कोणती आहे. मला वाटलं, मावशीला आता हे पेलणार नाही, ती दिवा तरी लावेल नाहीतर देवाचं नाव तरी घेईल. ती म्हणाली, "पुन्हा सांग. मोठ्यानं. आता ही चार्ज घेते आहे, हिला ऐकू गेलं पाहिजे."

पोरीनं माझ्याकडे बघून मोठ्यानं सांगितलं.

मी बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी तिच्या पोटाला लावली. सुरुवातीला मला माझेच ठोके ऐकू येत होते. मग खाली, डावीकडे, एक ठोका सापडला. फार सावकाश, पण होता. डॉक्टरीणबाई दारातच होत्या, त्यांची वेळ झालेली. त्यांनी एकदा ऐकलं आणि ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. मावशी घरी गेली नाही, हात धुवून आत गेली. त्या संध्याकाळी वॉर्डातला दिवा कुणी लावला, मला अजिबात आठवत नाही.

मुलगी झाली. काडीसारखी, निळसर. रडायला तिनं इतका वेळ लावला की मावशी तिच्या पाठीवर चापट्या मारता मारता तिला आमच्या मराठीत शिव्या देत होती, असं मला डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. कदाचित तिला त्या समजल्या असाव्यात, कारण मग ती जी रडली ती वॉर्डापर्यंत ऐकू आली. मी तिथे दुसऱ्या बाईची पट्टी बांधत होते. मी पट्टी सोडली आणि तिथेच ढसाढसा रडले. पट्टीवाली बाई माझी समजूत काढत होती.

पोर शुद्धीवर आली, मूल पाहिलं, आणि तरी तिचा चेहरा उतरलेलाच. दुसऱ्या दिवशी मावशी तिला पेज भरवत असताना ती हळूच म्हणाली की मी बोलले ताई, तिन्हीसांजेला, माझ्या तोंडानं. मावशीनं चमचा खाली ठेवला.

"हो," मावशी म्हणाली. "तू बोललीस म्हणून ही आहे."

मावशी पुन्हा पेज भरवायला लागली.

सासू आली ती चार-पाच दिवसांनी, संध्याकाळच्या वेळेला, खणाची टोपरी आणि फुलं घेऊन. तब्येतीनं धिप्पाड, आवाज त्याहून धिप्पाड. मी पाळीवर आलेच होते. वॉर्ड अंधारत चालला होता, खाटांमागून खाटा उरकत आम्ही दाराशी पोचलो आणि मावशी बटणाशी उभी राहिली. सासू खाटेच्या पायथ्याशी उभी राहून नातीकडे बघत होती आणि दिवा का लावत नाहीत म्हणून आजूबाजूला विचारत होती. मावशीनं रोजच्यासारखं विचारलं, काही वाईट?

पोर उशीला टेकून बसली. सासूकडे तिनं एकदा पाहिलं. मग ती बोलायला लागली. टाके ओढतात. पाठ धरलीय. छाती भरून दगड झालीय. पोरगी रात्रभर रडते, दिवसभर रडते, दूध ओढताना चावल्यासारखं करते. पाय इतके मारते की लुगडं अंगावर राहत नाही. इथली कॉफी पाण्यासारखी आहे. कॉफी अंगातल्या वाईटात बसत नव्हती, पण मावशीनं हरकत घेतली नाही. बाहेर पुरता काळोख झाला, मला खाटेवरचे चेहरे दिसेनासे झाले, आणि ती बोलतच होती, चांगली मोठ्यानं.

सासूला राहवलं नाही. भर तिन्हीसांजेला हे काय चाललंय, दिवा लावा आधी, असं म्हणत तिनं बटणाकडे हात नेला. मावशी तसूभरही हलली नाही.

"थांबा," ती म्हणाली. "तिचं अजून संपलं नाही."